वाळूच्या ढिगातलं नॅनो

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेले आठ दिवस एकच वाद चाललाय. सांगलीला भाच्याच्या शाळेने रोबोटिक्स आणि नॅनो-सायन्सची लॅब काढलीये, फी वेगळी. दादाचं म्हणणं पैसे गेले तरी चालतील पण पोरगं मागे पडायला नको, वहिनी म्हणते आधी जुन्या लॅबचं कुलूप तरी काढा म्हणावं. मग दादाने मला टॅग केलं, तू अमेरिकेत बघतेस ना, सांग यांना तिकडे कसं असतं ते.

बघते हे खरं. इथे मॅडिसनला युनिव्हर्सिटीच्या ओपन हाऊसला लेकीला घेऊन गेले होते. टेबलावर काय, तर फ्रिजला लावायची चपटी रबरी मॅग्नेट्स, जाहिरातीची, फुकट मिळतात तसली! त्यातली एक पट्टी कापायची आणि दुसऱ्याच्या काळ्या बाजूवरून ओढायची. एका दिशेने गुपचूप सरकते, आडवी ओढली की टकटक उड्या मारते, कारण मागे उत्तर-दक्षिण ध्रुवांचे एकाआड एक पट्टे असतात, जे दिसत नाहीत पण बोटांना कळतात. लेकीने ते उड्या मोजून मोजले, मग तिथल्या मुलीने सांगितलं की हार्ड डिस्कवरचे चुंबकी ठिपके असेच एका बारीक चुंबकी सुईने चाचपतात, फक्त ते नॅनोमीटरमधे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. त्याआधी दहा मिनिटं ती मुलगी काहीच बोलली नव्हती, लेकीला स्वतःच करू दिलं. मला तर तेच सगळ्यात महाग वाटलं, आमच्या शाळेत सरांच्या हातातला पट्टी-चुंबक आम्ही लांबून बघितलाय.

शेवटी फेरोफ्लुइड. बाटलीत काळं तेल, बाहेरून चुंबक लावला की साळिंदरासारखे काटे, काढला की परत तेल. १९६३ मधे नासाच्या स्टीव्ह पॅपेलने बनवलं, वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढून घेता यावं म्हणून. आत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका चुंबकी खनिजाचे, साधारण १० नॅनोमीटरचे कण असतात, एक लाख ओळीने ठेवले तर कुठे एक मिलिमीटर होईल, आणि प्रत्येकावर साबणासारख्या रेणूंचा थर, नाहीतर गुठळ्या होतील.

आता गंमत अशी की हेच मॅग्नेटाइट आपल्याकडे बांधकामाच्या ढिगात पडलेलं असतं! लहानपणी फुटक्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून आम्ही वाळूत फिरवायचो, त्याला जी काळी मिशी यायची तीच ती. नदीची वाळू असो की आताची क्रश सँड, दगड आपला सह्याद्रीचाच, जवळजवळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यातल्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवलीये, आणि बऱ्याच थरांत ती आजच्या उलटी सापडते. हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

म्हणून दादा, माझं मत वहिनीच्या बाजूने. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून किती खेळणी करून दाखवली, त्याला कुठे वेगळी फी होती. आणि इकडचं सगळं भारी असंही नाही, लेकीच्या शाळेत वर्कशीटच भरायला लावतात. फक्त ते छोटे चकचकीत निओडिमियमचे, म्हणजे फार जोरदार चुंबकाचे, गोळे घरात आणू नका, पोरांनी दोन गिळले तर आतडं मधे चिमटतं, त्यावर इथे २०२२ मधे कडक नियम आलाय.

भाच्याचा आत्ताच मेसेज आलाय, आत्या, आपल्या फ्रिजवरच्या गॅस एजन्सीच्या मॅग्नेटला आठ पट्टे निघाले, बाबांना सांगू नको, मी तो कापलाय.