रात्री अडीचला आलेल्या प्रश्नाला जोडलेले हात पाठवू नका

ओळखीतल्या एका घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आज सकाळी पाहण्यात आला आणि डोकंच फिरलं.

वडिलांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. सांभाळते मुलगी. रात्री अडीचला तिने भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "बाबा झोपत नाहीयेत. सारखे दाराशी जातात, घरी जायचंय म्हणतात. अडवलं की हात उगारतात. काय करू?" सकाळपर्यंत त्याखाली काय जमलं होतं? जोडलेले हात. "देव तुला शक्ती देवो." शब्दकोडी सोडवायला देत जा. खोबरेल तेलाने मेंदू पुन्हा तरुण होतो असा एक व्हिडिओ. आणि भावाची एक ओळ: "यावर नवीन इंजेक्शन आलंय ना?" तिने जे विचारलं होतं त्याला उत्तर एकाचंही नाही.

सांभाळणारी माणसं नेटवर ज्ञान मिळवायला जात नाहीत, हे आधी समजून घ्या. समोर माणूस दार ओढतोय, एका हाताने त्याला सावरायचं आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं, अशी ती वेळ असते. तेव्हा नुसतं 'डिमेन्शिया' टाकलं की मेंदूची रंगीत आकृती आणि आजाराची सुरुवातीची लक्षणं येतात. जिच्या घरात हा आजार केव्हाचा मुक्कामाला आहे तिला ती लक्षणं घेऊन काय करायचंय?

तिला त्या रात्री कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं: "हेच आपलं घर आहे" असा वाद घालू नकोस. घरी कोण कोण आहे ते त्यांना विचार, दोन मिनिटं त्यांच्याबरोबर चाल, चालता चालता बाथरूमपाशी ने. 'घरी जायचंय' यामागे पुष्कळदा लघवी लागलेली असते, कुठेतरी दुखत असतं, पोट साफ झालेलं नसतं. ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून पाय दाराकडे वळतात. मग पाणी दे, खोलीतला मंद दिवा लाव, पलंगापासून संडासापर्यंतची वाट उजेडात ठेव. आणि उद्या दिवसा बाकीचं बघ. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आण. सकाळी उजेडात फिरव. लघवीची गोळी संध्याकाळी जात असेल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचार. डोनेपेझिल ही स्मरणशक्तीसाठी देतात ती गोळी रात्री घेतल्यावर काहींना भयानक स्वप्नं पडतात, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी घेता येते. दाराची कडी नेहमीच्या नजरेच्या रेषेत नको, खूप वर किंवा खूप खाली बसव. दार उघडलं की वाजेल अशी घंटी लाव. पण त्यांना एकटं आत कोंडून बाहेर जाऊ नकोस; आग लागली, पडले, तर कोणी पोचू शकणार नाही. आणि फोनमध्ये त्यांचा ताजा फोटो ठेव.

हे सगळं नेटवर आहे, फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा अभ्यासक्रम खास सांभाळणाऱ्यांसाठी केलेला आहे. त्याची पुस्तिका २०१९ मध्ये आली. पाच भाग, २३ धडे. माझं मत विचाराल तर पहिल्या भागापासून सुरू करूच नका, शेवटचा भाग आधी उघडा. त्यात रात्रीची झोप, संशय आणि भास, तेच तेच विचारणं, भटकणं, अंगावर येणं यांचे वेगवेगळे धडे आहेत. आज घरात जे चाललंय तो धडा आज वाचायचा. उरलेले पडू देत.

शोधतानाही आजाराचा प्रकार, टप्पा, वागणं आणि वेळ हे सगळं एकत्र टाका: "लुई बॉडी डिमेन्शिया, मधला टप्पा, रात्री भास". प्रकार माहीत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. याने जीव वाचतो. लुई बॉडी असलेल्या माणसाला भास किंवा आक्रमकता शमवायला देतात ते हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, शुद्ध हरपू शकते, जिवावरही बेतू शकतं. फ्रंटोटेम्पोरल या दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते आणि वागणं बिघडतं. तिथे "आठवण वाढवणारे" सल्ले कुचकामी. पान उघडलं की तीन गोष्टी बघा: कोणी लिहिलंय, शेवटचं कधी तपासलंय आणि तळाशी काय विकायला ठेवलंय. विक्री दिसली की बंद करा.

आता त्या तेलाच्या व्हिडिओबद्दल. खोबरेल तेलाने डिमेन्शिया बरा होतो याला आधार नाही. "पण नुकसान तर नाही ना" हा युक्तिवाद मला ऐकायचाच नाही. नुकसान आहे. ती मुलगी आधीच अर्धमेली झालीय, आणि तुम्ही तिला कळवताय की ती पुरेसं करत नाही म्हणून बाबा बरे होत नाहीत. बरं, सगळं निरुपद्रवीही नसतं. गिंको, म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क, हे नेटवरचं लाडकं 'नैसर्गिक' औषध. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. झोपेसाठी लोक वाचून वाचून डायफेनहायड्रामिन ही ॲलर्जीची, झोप आणणारी गोळी आणतात. मेंदूतल्या ज्या रसायनाचं काम टिकावं म्हणून डोनेपेझिल देतात, त्याचंच काम ही गोळी अडवते. गोंधळ वाढतो, लघवी अडते, पोट कडक होतं. मग "आजार वाढला" म्हणून पुन्हा नेटवर शोध सुरू.

आणि भावाचं इंजेक्शन. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनॅनेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही फक्त अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात, अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी, मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचलंय हे तपासणीत दिसल्यावरच. गेलेलं परत आणत नाहीत, घसरण थोडी संथ करतात. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. रात्री दाराशी झटापट करणाऱ्या बाबांचा तो टप्पा कधीच मागे पडलाय. ही बातमी त्याने पाच मिनिटं वाचली असती तर बहिणीला तो प्रश्न टाकलाच नसता.

कोडी सोडवून काहींचा वेळ बरा जातो, मान्य. सुरुवातीच्या टप्प्यात. पुढे तीच कोडी रोजची परीक्षा होते आणि माणूस रोज नापास होतो.

एक गोष्ट मात्र नेटला विचारायचीच नाही. कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला, म्हणजे अचानक झोपाळू झाला, भलतंच बरळू लागला, चालेना झाला, तर तो सहसा डिमेन्शिया "वाढलेला" नसतो. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत पुढे सरकत नाही. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध, पडल्यानंतर डोक्यात साचत गेलेलं रक्त यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, तर दिवससुद्धा घालवायचा नाही, लगेच निघायचं.

डॉक्टरांकडे वेळ नसतो म्हणूनच लोक नेटवर जातात, हेही खरं आहे. म्हणून जाताना तयारीने जा. चार-पाच दिवस वहीत लिहा: किती वाजता, आधी काय चाललं होतं, काय झालं, कशाने शांत झाले. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा एक फोटो, दुकानातून परस्पर आणलेल्यांचासुद्धा. चालणं किंवा थरथर दाखवायची असेल तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ. "रात्री त्रास देतात" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. "दोन वाजता उठतात, त्याआधी दुपारी तीन तास झोपलेले असतात" यातून कळतं.

तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा आणि पुसून टाका. आई-वडील गोंधळलेले, रडवेले, अर्धवट कपड्यांतले, आणि खाली पोराने लिहिलेलं "आमचा प्रवास" असले व्हिडिओ दिसले की माझा संताप होतो. त्या माणसाने परवानगी दिलेली नाही आणि आता तो ती देऊही शकत नाही. भान असताना त्याने हे चारचौघांत मांडू दिलं असतं का?

त्या सांभाळणाऱ्या मुलीबद्दल मात्र मनात राग नाही. बाई, तू रात्री अडीचला विचारलंस ते बरोबर केलंस. फक्त तिथे विचारू नकोस. जे स्वतः सांभाळतायत अशांच्या छोट्या ऑनलाइन गटात विचार. ते आधी विचारतील, "आज पोट साफ झालं का? नवीन गोळी सुरू झालीय का?" तेवढ्यावरून माणसं ओळखू येतात. गोळीचा डोस मात्र तिथेही विचारू नकोस आणि चॅटबॉटलाही विचारू नकोस. औषधाच्या चिठ्ठीवरचा नंबर लावायचा.

आणि दादा, तुला खरंच काही करायचं असेल तर लिंक पाठवणं थांबव. शोधायचं काम तू अंगावर घे. झोपेवरचा धडा पूर्ण वाच, तिला मराठीत दहा ओळी लिहून पाठव. औषधांची यादी तू सांभाळ, बदल झाला की त्याच दिवशी दुरुस्त कर. रोज ठरलेल्या वेळी बाबांना व्हिडिओ कॉल कर, म्हणजे तेवढ्यात तिची आंघोळ आणि जेवण तरी धड होईल. फोन उभा टेकवून ठेवायला सांग, आवाज मोठा, तुझ्या चेहऱ्यावर समोरून उजेड, मागे टीव्ही बंद. "मला ओळखलंत का?" असं विचारायचं नाही, "बाबा, मी तुमचा मोठा मुलगा बोलतोय" असं आपणच सांगायचं. एका वेळी एक वाक्य, आणि मग थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो. पाच-सात मिनिटांत ते उठून गेले तरी कॉल तोडू नकोस, पुन्हा फिरून येतात.