दान करायचंच असेल तर जुलैत करा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि आपल्याच माणसांना जरा टोचेल. चहा घेऊन बसा.

आमची मराठी शाळा न्यू जर्सीतल्या एका एपिस्कोपल चर्चच्या हॉलमध्ये भरते. दर रविवारी दुपारी दोन ते चार. सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला त्या चर्चबद्दल माहिती किती? भाडं वाजवी आहे, पार्किंग भरपूर आहे, स्वयंपाकघरातली डावीकडची शेगडी पेटत नाही आणि त्यांच्या कॉफीच्या थर्मासला हात लावायचा नाही. भाडेकरूने घरमालकाची याहून जास्त चौकशी करू नये, असं आमचं सगळ्यांचं मत.

एपिस्कोपल म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न दरवर्षी नवीन पालक विचारतात म्हणून सांगते. मुंबईत ज्या चर्चमुळे चर्चगेटला चर्चगेट म्हणतात, ते फोर्टातलं १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचं अफगाण चर्च, त्याच इंग्लिश चर्चच्या घराण्याची ही अमेरिकेतली पाती. त्या चर्चचा प्रमुख इंग्लंडचा राजा; स्वातंत्र्ययुद्ध झाल्यावर त्याच्याशी नातं ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा १७८९ मध्ये फिलाडेल्फियात यांनी वेगळी चूल मांडली. प्रार्थनेचं पुस्तक जवळजवळ तेच ठेवलं, फक्त राजासाठीची प्रार्थना काढून तिथे राष्ट्राध्यक्षांना बसवलं. यांच्यात बायकाही धर्मगुरू होतात. तेही सुखासुखी झालेलं नाही. १९७४ च्या जुलैत अकरा जणींनी परवानगीची वाट न बघता फिलाडेल्फियातच दीक्षा घेतली, आणि दोन वर्षांनी चर्चला नियम बदलावा लागला. आमच्या इथल्या रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरूही बाईच आहेत. त्यांना सगळे ‘मदर’ म्हणतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे माझी दर वेळी पंचाईत होते.

तर मुद्द्याची गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. जूनमध्ये शाळा संपली, आम्ही कपाटाला कुलूप घालून पांगलो. दुसरीच्या पुस्तकांचा खोका तिथेच राहिला म्हणून जुलैतल्या एका गुरुवारी दुपारी मी गेले, तर पार्किंगमध्ये जागा नाही. मला आधी वाटलं, कुणाचा तरी अंत्यविधी असणार. मागच्या दाराशी वळले तर ही मोठी रांग. डोक्यावर ऊन, फॅरनहाइटमध्ये चौऱ्याण्णव. एक आजोबा ऑक्सिजनचं नळकांडं चाकांवर ओढत उभे, फास्ट फूडच्या दुकानाचा गणवेश घातलेली एक मुलगी सारखी घड्याळ बघतेय, आणि पोरं. रांगेत मोठ्यांपेक्षा पोरं जास्त. सावलीसाठी भिंतीला चिकटून बसलेली.

रांगेत एक ओळखीचा चेहरा दिसला. आपण सगळे जिथून कढीपत्ता आणि पोहे आणतो तसल्याच एका दुकानात काउंटरवर असतात त्या बाई. आम्ही एकमेकींना पाहिलं, आणि दोघींनीही न पाहिल्यासारखं केलं. मी खोका न घेताच घरी आले.

पुढच्या गुरुवारी परत गेले, ते मदत करायला म्हणून. खरं सांगायचं तर लाज धुवायला.

हॉलच्या मागच्या खोलीत यांची फूड पँट्री आहे, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देण्याची जागा. ती चालवणाऱ्या आजींचं वय एकोणऐंशी. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाज अजून वर्गातलाच. हातात जाड काळा मार्कर. प्रत्येक डब्यावरची तारीख शोधायची आणि वर मोठ्या आकड्यांत लिहायची, हे काम त्यांनी मला दिलं. दोन तास मी तेच केलं. मग त्यांनी फळ्या दाखवल्या. ट्यूनाची फळी रिकामी, पीनट बटरची रिकामी, सीरियलचे चार खोके. हिरव्या बीन्सचे डबे मात्र भिंतभर, कारण ते कुणालाच आवडत नाहीत आणि दान करणारा प्रत्येक जण तेच आणतो. आजी म्हणाल्या, “नोव्हेंबरात मला सामान ठेवायला जागा नसते. जुलैत मला फळीचा रंग दिसतो.”

कारण साधं आहे, आणि मला इतकी वर्षं इथे राहून सुचलं नव्हतं. आपल्याकडच्या मध्यान्ह भोजनासारखंच इथेही शाळेत जेवण मिळतं, गरजू मुलांना फुकट किंवा सवलतीत. देशभरात रोज तीन कोटींच्या घरात मुलं ते जेवतात. न्यू जर्सीत वीस जूनच्या आसपास शाळा बंद होतात त्या लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. म्हणजे जवळजवळ अकरा आठवडे ते ताट बंद. २०२४ पासून सरकार उन्हाळ्यासाठी दर गरजू मुलामागे एकशे वीस डॉलर कार्डावर टाकतं, सामील झालेल्या राज्यांत. आपलं राज्य आहे त्यात. पण भागाकार करून बघा, दिवसाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. बागांत, लायब्ररीत दुपारच्या जेवणाची सोय असते, पण आठ वर्षांच्या पोराला तिथे नेणार कोण, आई कामावर असताना?

आणि नेमकं याच वेळी देणारे गावाला जातात. चर्चमध्येही तीच तऱ्हा. उन्हाळ्यात दोन प्रार्थनासभांची एकच होते, कॉयरला लेबर डेपर्यंत सुट्टी, निम्मी मंडळी शोअरवर, म्हणजे समुद्रकिनारी. नेहमीचे चाळीस-पन्नास लोक असतात, त्यातले वीस उरतात, त्यातही बहुतेक सत्तरीच्या पुढचे. दानाची थाळीही हलकी होते. छत गळतंय ते वेगळंच. तरी ते वीस जण गुरुवारी दार उघडतात.

आता आपलं बघू. आमचं मराठी मंडळ दरवर्षी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधी अन्नदानाचा उपक्रम करतं. बॅनर, टी-शर्ट, फोटो. फोटो मीच काढते, त्यामुळे हे मी बाहेरून बोलत नाहीये. त्याच आठवड्यात शहरातली प्रत्येक बँक, प्रत्येक शाळा, प्रत्येक देऊळ हेच करत असतं. भरल्या पोटी आग्रह म्हणतात तो हा.

मी काही शहाणी होते असंही नाही. पहिल्याच उत्साहात मी तूरडाळीच्या वीस पिशव्या नेऊन ठेवल्या. चांगली, बिनतेलाची. तीन आठवडे त्यातल्या सतरा तिथेच. मला वाटलं, लोकांना करता येत नसेल. रेसिपीचे कागद छापून आणले. आजींनी एक कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “यातल्या बऱ्याच जणांकडे शेगडी नाही.” हायवेवरच्या मोटेलमध्ये आठवड्याच्या भाड्याने कुटुंबं राहतात. खोलीत असतो मायक्रोवेव्ह. डबा उघडायला ओपनरही नसतो, म्हणून वर ओढायची कडी असलेले डबे आधी संपतात. मी प्रेशर कुकरच्या शिट्या लिहून आणल्या होत्या.

बागेचं मात्र जमलं. चर्चच्या मागे लाकडी चौकटीचे आठ वाफे आहेत, त्यातला एक मोकळा होता तो मी मागून घेतला. त्यांच्या लोकांनी सगळीकडे झुकिनी लावलेली. झुकिनी म्हणजे ऑगस्टमधलं संकट आहे. एक दिवस नजर चुकली की मनगटाएवढी होते, आणि मग ज्याला त्याला गळ्यात बांधत सुटायचं. (किसून भाजणीत घाला. थालीपीठ उत्तम होतं, दुधीसारखंच.) मी मेथी आणि कोथिंबीर टाकली. मेथीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. पण कोथिंबिरीची पहिली जुडी टेबलावर ठेवली आणि ग्वाटेमालाच्या एका बाईंनी ती उचलून आधी नाकाशी धरली, अगदी माझी आई धरायची तशी, देठाकडून. पाच मिनिटांत बारा जुड्या संपल्या. त्या दिवसापासून माझं नाव ‘सिलांत्रो लेडी’ पडलं आहे. मराठी शाळेच्या बाई हे नाव मागे पडलं.

आता तो प्रश्न, जो मी हे सगळं मंडळाच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांडल्यावर चौथ्या मिनिटाला आला. “चर्चला कशाला? ते धर्मांतर करतात.”

प्रश्न विचारणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. आपल्या घरांत हा विषय पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. म्हणून मी जे पाहिलं ते सांगते. पँट्रीत कुणाला नाव आणि घरात किती माणसं, याखेरीज काही विचारत नाहीत. सरकारी धान्य जिथे येतं तिथे प्रार्थनेची अट घालता येत नाही, तसा नियमच आहे. भिंतीवर क्रूस आहे, तो आहेच. ऑगस्टमध्ये मुलांचं व्हेकेशन बायबल स्कूल असतं, त्यात मात्र बायबलच शिकवतात, नावातच आहे ते, आणि ज्याला नको त्याने पाठवू नये. मी पाठवलं नसतं. गेल्या वर्षी शेजारच्या लुथरन आणि मेथडिस्ट चर्चसोबत मिळून केलं, तरी मुलं आली नऊ. त्यातल्या चौघांना फक्त लेमोनेड आणि पाण्याचे फुगे हवे होते. साम्राज्य उभं करणाऱ्यांची ही लक्षणं नव्हेत.

सगळं गोडच आहे असंही नाही. रांगेतल्या लोकांना वरच्या मजल्यावरची स्वच्छतागृहं वापरू द्यायची का, यावर त्यांच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे कार्यकारिणीत, म्हणे दोन बैठका गाजल्या. गालिचा खराब होतो, हे कारण. ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगा आठवल्या. शेवटी मदरनी स्वतःच मागच्या दाराला विटेचा टेकू लावून ते उघडं ठेवलं.

इथून तासाभरावर न्यूयॉर्कमध्ये, चेल्सीत, होली अपोसल्स नावाचं एपिस्कोपलच चर्च आहे. तिथे १९८२ पासून अन्नछत्र चालतं. १९९० मध्ये आग लागली, चर्च पुन्हा उभं केलं तेव्हा त्यांनी जुने बाक परत बसवले नाहीत. आता जिथे प्रार्थना होते तिथेच टेबलं मांडून लोक जेवतात. हे मी ग्रुपवर टाकलं तर एका काकांनी लिहिलं, “आपल्या पंढरपुरात काय वेगळं असतं?” बरोबर आहे काका. मग आपण इथे फक्त भाडं देऊन का निघून येतो?

ग्रुपवरचा दुसरा आक्षेप जास्त खरा होता: जुलैत असतं कोण? सगळे भारतात. मान्य. मीही जाते, एक वर्षाआड. पण सगळे एकाच आठवड्यात जात नाहीत. आमच्या शाळेत बासष्ट कुटुंबं आहेत. अकरा गुरुवार. दर गुरुवारी पाच-सहा कुटुंबांनी एक-एक पिशवी पोचवली तरी पुरे, आणि हे गणित तर आपली दुसरीतली मुलंही करतील.

आणा काय, तेही लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा तूरडाळ येईल. पीनट बटर, सीरियल, कडी असलेले ट्यूना आणि चिकनचे डबे, साखरेच्या पाकातली नव्हे तर रसातली फळं, मायक्रोवेव्हचा भात, टिकाऊ दूध, आणि पाच-सहा नंबरचे डायपर. हिरव्या बीन्स आणू नका. घरातलं कपाट साफ करताना सापडलेलं काही आणू नका. आजींचा मार्कर सगळं पकडतो.

ऑगस्टच्या शेवटी दप्तरांना आशीर्वाद देण्याची सभा असते. दसऱ्याला आपण पाटी पुजतो तसंच. पोरं दप्तरं घेऊन वेदीपुढे ओळीने उभी राहतात आणि मदर प्रत्येकावर हात ठेवतात. त्याआधी महिनाभर नवीन दप्तरं, वह्या, रंगपेट्या गोळा करतात, आणि ज्यांना चर्चमध्ये यायचं नाही त्यांची गुरुवारीच देऊन टाकतात. गेल्या वर्षी जांभळ्या रंगाचं एकच दप्तर होतं आणि तिघींना तेच हवं होतं. यंदा मी चार जांभळी घेऊन ठेवली आहेत.

दुकानातल्या त्या बाई आता माझ्याशी बोलतात. आधी मी बोलले, पँट्रीत नाही, त्यांच्या काउंटरवर. कोथिंबीर घेतली नाही म्हणून त्यांनीच विचारलं, “घरी लावली का?”

गुरुवारी साडेतीनला मी तिथे असते. गाडी रस्त्यावर लावा, पार्किंग रांगेसाठी मोकळं ठेवायचं असतं. पुढचं दार बंद असतं, मागून या. वीट आहे तेच दार.