मोझांबिकला स्वातंत्र्य कोणी भेट दिले नाही

माझ्या भाचीने महाविद्यालयाच्या निबंधासाठी आधार म्हणून जो मजकूर मला दाखवला, तो गोव्यातील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून बराच काळ फिरत आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: पोर्तुगीजांनी मोझांबिकवर पाचशे वर्षे राज्य केले, इंग्रजांसारखा वर्णभेद त्यांनी कधीच पाळला नाही, आळशी लोकांना त्यांनी कामाची सवय लावली, 1974 मध्ये लिस्बनला क्रांती होताच स्वखुशीने स्वातंत्र्य दिले, नंतर तेथील लोकांनी गोऱ्यांना चोवीस तासांत हाकलून देशाचे वाटोळे केले, आणि तरीही पोर्तुगीज काहोरा बासाचे धरण त्यांना भेट देऊन गेले. वडीलधाऱ्यांनी न वाचता पुढे ढकललेला हा मजकूर मुले इतिहास म्हणून उतरवून घेऊ लागली आहेत, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

यातील सर्वांत संतापजनक विधान कामाच्या सवयीचे आहे, म्हणून आधी तेच घेतो. 1899 च्या पोर्तुगीज कायद्याने वसाहतींतील प्रत्येक ‘देशी’ माणसावर काम करण्याचे नैतिक व कायदेशीर बंधन घातले आणि तो काम करीत नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर त्याला जबरदस्तीने कामाला लावण्याची मुभा दिली. स्वतःच्या शेतात राबणे हे त्या अधिकाऱ्याच्या लेखी बहुधा काम नसेच. यातून जी वेठबिगारी उभी राहिली, तिला मोझांबिकमध्ये ‘शिबालो’ म्हणत. रस्ते, मळे, बंदरे यांसाठी माणसे गावातून उचलून नेली जात. 1938 पासून उत्तरेकडच्या शेतकरी कुटुंबांवर कापसाची सक्ती आली: ठरवून दिलेल्या जमिनीत कापूसच पेरायचा, तो ठरलेल्या कंपनीलाच आणि सरकारने बांधलेल्या पडेल भावाने विकायचा, म्हणजे पोर्तुगालमधील गिरण्यांना स्वस्त माल मिळेल. अन्नधान्याला वेळ उरत नसे, त्यामुळे कित्येक भागांत उपासमार झाली. दक्षिणेतील पुरुष शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत जात. 1928 च्या करारानुसार त्यांच्या मजुरीचा काही भाग राखून ठेवला जाई, आणि पुढे त्या रकमेपोटी पोर्तुगालला सोने मिळे, तर मजुराला घरी परतल्यावर वसाहतीचे चलन.

हे सारे वसाहतवादाच्या विरोधकांनी रचलेले आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एनरिक गाल्व्हाँव यांचे नाव ध्यानात ठेवावे. हे गृहस्थ लष्करातील कप्तान, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचे एकेकाळचे निष्ठावंत समर्थक, वसाहतींचे वरिष्ठ निरीक्षक आणि पोर्तुगालच्या संसदेचे सदस्य होते. 1947 मध्ये त्यांनी आफ्रिकेतील वसाहतींच्या स्थितीवर संसदेपुढे अहवाल मांडला. त्यांच्या मते ही पद्धत गुलामगिरीपेक्षाही वाईट होती, कारण गुलाम विकत घेतलेला असल्याने मालक त्याला बैलाघोड्याप्रमाणे जपत असे, तर येथे माणूस सरकारकडून भाड्याने मिळत असल्याने तो आजारी पडला किंवा मेला तरी मालकाचे काही बिघडत नसे. तो दुसरा मागून घेई. त्यांची सर्वांत तिखट वाक्ये अंगोलाविषयी आहेत हे मान्य. पण कायदा आणि शासनयंत्रणा दोन्हीकडे तीच होती. सरकारने तो अहवाल दाबला आणि गाल्व्हाँव 1952 मध्ये तुरुंगात गेले. राजवटीच्याच माणसाने राजवटीच्याच संसदेत दिलेली ही साक्ष असताना कामाची सवय लावल्याची भाषा करणे हा त्या मजुरांचा अपमान आहे.

वर्णभेद नव्हता, हे म्हणणे वरवर पाहता खरे भासते. मिश्रविवाह होत होते, आणि दक्षिण आफ्रिकेसारखे वर्णविद्वेषी कायद्यांचे जाळे तेथे नव्हते, एवढे मी कबूल करतो. परंतु 1961 पर्यंत लोकसंख्या कायद्यानेच ‘देशी’ आणि नागरिक अशी विभागलेली होती. आफ्रिकी माणसाला नागरिकत्व हवे असेल तर पोर्तुगीज भाषा, राहणीमान, उत्पन्न यांची परीक्षा देऊन ‘असिमिलादो’, म्हणजे पोर्तुगीज संस्कृतीत सामावलेला, ठरावे लागे. सुमारे सत्तावन्न लाखांच्या देशात 1950 मध्ये असे लोक पाच हजारही नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी दहांतील नऊंहून अधिक लोक निरक्षर होते.

आपल्याकडे हा समज इतका सहज का रुजला, याचे कारण उघड आहे. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे, आणि पुढेही कित्येक गोमंतकीय तेथे कारकून, अधिकारी, डॉक्टर म्हणून गेले. लोरेन्सो मार्केसच्या, म्हणजे आजच्या मापुतोच्या, रुंद रस्त्यांच्या त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत. त्या फक्त टेबलाच्या अलीकडून पाहिलेल्या आहेत. शिवाय 19 डिसेंबर 1961 नंतर, गोवा मुक्त झाल्याचा राग काढण्यासाठी, याच राजवटीने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि त्यांना देशाबाहेर काढले. त्यांत प्रामुख्याने गुजराती व्यापारी होते. हे मात्र संदेशात कोणी लिहीत नाही.

पाचशे वर्षांचा आकडाही फसवा आहे. किनाऱ्यावरचे किल्ले आणि झांबेझीचे खोरे सोडले तर आतला प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. दक्षिण मोझांबिकमधील गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना 1895 मध्ये पकडला गेला. त्यानंतरही मध्य व उत्तर भागांतील मोठे प्रदेश खासगी कंपन्यांना दिलेले होते, आणि मोझांबिक कंपनीचा अंमल तर 1942 पर्यंत चालला.

स्वखुशीने स्वातंत्र्य दिल्याची गोष्ट कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करते. एदुआर्दो मोंडलाने यांच्या नेतृत्वाखाली 1962 मध्ये स्थापन झालेल्या फ्रेलिमो या मुक्ती आघाडीने 25 सप्टेंबर 1964 रोजी सशस्त्र लढा सुरू केला आणि तो दहा वर्षे चालला. मोंडलाने स्वतः 1969 मध्ये दार-ए-सलाममध्ये पार्सलबाँबने मारले गेले. 16 डिसेंबर 1972 रोजी तेते प्रांतातील विरियामू व आसपासच्या वाड्यांत पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार केले. मिशनऱ्यांनी मृतांची नावे नोंदवली, आणि 2022 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कॉस्ता यांनी मापुतोत त्याबद्दल माफी मागितली. मोझांबिक, अंगोला आणि पोर्तुगीज गिनी (आजचे गिनी-बिसाऊ) येथील न संपणाऱ्या युद्धांना कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनीच एप्रिल 1974 मध्ये लिस्बनची राजवट उलथवली. म्हणजे क्रांतीमुळे स्वातंत्र्य मिळण्याआधी, त्या लढ्यांमुळे क्रांती झाली. 25 जून 1975 रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला.

चोवीस तासांच्या हुकमात तथ्य आहे. काही पोर्तुगिजांना वीस किलो सामानासह चोवीस तासांत देश सोडायला लावले गेले. फ्रेलिमोची एकपक्षीय सत्ता, सक्तीची सामूहिक गावे आणि पुनर्शिक्षण छावण्या यांचे समर्थन मी करणार नाही. पण सुमारे दोन लाख पोर्तुगिजांपैकी बहुसंख्य स्वतःहून निघून गेले, आणि जाताना अनेकांनी यंत्रे मोडली. पुढे देश उद्ध्वस्त करणारी रेनामो ही सशस्त्र बंडखोर संघटना ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या राजवटीच्या गुप्तहेर खात्याने उभी केली आणि 1980 नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसली. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळून 1976 मध्ये ऱ्होडेशियाची सीमा बंद केल्याची किंमत मोझांबिकने अशी मोजली. 1992 मध्ये रोममध्ये शांतता करार होईपर्यंत या यादवीत सुमारे दहा लाख माणसे मेली.

राहिले झांबेझी नदीवरचे काहोरा बासाचे धरण. ते मुख्यतः दक्षिण आफ्रिकेला वीज विकण्यासाठी बांधले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्याची बहुसंख्य मालकी पोर्तुगालकडेच राहिली. मोझांबिकने कर्ज काढून, पैसे मोजून ती मिळवली 2007 मध्ये.