नाटकवाल्यांच्या वह्या रद्दीत देऊ नका

पेठेतला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. पितळेची भांडी वाटून घेतली जातात, फोटो कुणीतरी नेतं आणि कागद रद्दीच्या दुकानात जातात. त्या कागदांत संगीत नाटकांच्या वह्याही असतात. चाली बांधणाऱ्यांच्या, ऑर्गनवर साथ करणाऱ्यांच्या, प्रॉम्प्टरच्या. मला याचा फार त्रास होतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

कागदांची किंमत पुण्याला नवी नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे दारोदार हिंडले, जुन्या कागदांची दप्तरं मिळवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशवाईतल्या हिशेबाच्या एका चिटोऱ्यासाठी आपण जीव टाकतो. मग १८८० साली याच शहरात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तिथून निघालेल्या परंपरेचे कागद घरातली अडगळ कसे ठरतात?

“आपलं संगीत गुरुमुखी, कागदात काय ठेवलंय?” असं मला सांगितलं जातं. रागाबद्दल एक वेळ मान्य. नाटकातल्या पदाचं तसं नाही. ते त्या प्रसंगासाठी, त्या पात्रासाठी, बऱ्याचदा एका विशिष्ट गळ्यासाठी बांधलेलं असतं. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या तेव्हा गाणारे बालगंधर्व होते, आणि हे त्या चालींत ऐकू येतं. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. त्या काळच्या वाचकाला तेवढं पुरे होतं. आज ते मूळ गाणं कुणालाच येत नसेल तर पुस्तक हातात असूनही चाल गेली!

रेकॉर्ड आहेत, हेही खरं. पण ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. वन्समोअर घेत रंगणारं पद त्यात कसं मावणार? कोणतं कडवं गाळलं, नट बदलल्यावर पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, काळी दोनची काळी चार केली का, कुठलं पद पुढे प्रयोगातून कायमचं उडवलं, ही माहिती असलीच तर वहीच्या समासात, पेन्सिलीनं लिहिलेली असते. नीट केलेल्या प्रतीपेक्षा खाडाखोड झालेली वही मला मोलाची वाटते ती त्यामुळेच.

न्यूयॉर्कच्या जोनाथन लार्सनचं बघा. ‘रेंट’ या संगीतनाटकाची गाणी आणि संगीत त्याचंच. १९९६ साली, प्रेक्षकांसमोरचा पहिला प्रयोग व्हायच्या दिवशी पहाटे तो गेला, वयाच्या ३५ व्या वर्षी. त्याचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपले, कॉम्प्युटरच्या फ्लॉप्यांसकट. त्या वेळच्या वर्डमध्ये झटपट सेव्ह केलं की खोडलेला मजकूर फाइलीच्या पोटात तसाच राहायचा. अभ्यासकांनी तो वर काढला आणि त्यानं काय लिहून काय टाकून दिलं ते दिसलं. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’मध्ये ठुमरीची वळणं आणली, ती पक्की करताना त्यांनी कुठल्या चाली बाजूला ठेवल्या असतील? हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

हा प्रश्न फक्त गंधर्वयुगाचा नाही. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चं भास्कर चंदावरकरांचं संगीत, जितेंद्र अभिषेकीबुवांनी संगीत दिलेली नाटकं, त्यांच्या साथीदारांपैकी कुणाच्या कपाटात काय असेल, कोण विचारतंय? १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यानं नदीकाठच्या पेठांतली घरंच्या घरं धुऊन नेली. त्यापुढे माणसाचं काही चाललं नाही. रद्दीवाल्याला मात्र आपणच हाक मारतो.

पुण्यात नाटकाच्या संगीताच्या कागदांसाठी एक खोली हवी, कुणालाही जाऊन बघता येईल अशी. सत्कारातल्या शाली आणि मानपत्रांनी ती भरू नये. पेटीवाल्याची वही तिथे आधी यावी, कारण चाल बांधणाऱ्या बुवांनी तोंडी सांगितलेलं लिहून घेणारा बहुधा तोच असायचा.

तोवर तुमच्या घरात असं काही असेल तर लॅमिनेशन करू नका, फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका. सुटी चिठ्ठी ज्या पानात सापडली तिथेच राहू द्या. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचा आणि पुठ्ठ्याचाही. वही कुणाची, कुठल्या कंपनीतली, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि ती पदं ऐकलेलं कुणी आजी-आजोबा घरात असतील तर वही त्यांच्यासमोर उघडून त्यांना गायला सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. सूर लागला नाही तरी चालेल, चाल कळते.