पट्टी काढा

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असताना लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून सकाळी साडेदहाला मुनीमजींचा फोन आला. "साहेब, मशीन 'काम यशस्वी झालं' म्हणायलंय, पण कागद येईना."

मी म्हणालो, प्रिंटर बघा. अठरा वर्षं आडतीची सॉफ्टवेअरं लिहितोय आणि अठरा वर्षं माझं पहिलं उत्तर हेच आहे. मुनीमजींनी रोल बदलला, वायर उपसून परत खोचली, शेवटी प्रिंटरच्या पाठीत एक धपाटा घातला. बटण दाबलं. काम यशस्वी झालं. कागद नाही. बाराच्या सुमारास परत फोन, आणि आता आवाज अगदी खाली गेलेला. "साहेब, कागद राहू द्या. सकाळपास्नं घातलेली वजनंच दिसनात."

मोंढ्यात माल विकला की शेतकऱ्याच्या हातात जो हिशेब पडतो ती पट्टी. इतके कट्टे, इतकं वजन, हा भाव, त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा, राहिले एवढे. या पट्टीसाठी माणूस पहाटे गावाहून निघालेला असतो. अशा सदतीस पट्ट्या त्या सकाळी आमच्या सॉफ्टवेअरनं गिळल्या होत्या आणि दर घासाला "यशस्वी" म्हणून ढेकर दिला होता.

झालं होतं ते असं. माझा भाचा नुकताच पॉलिटेक्निक करून मोकळा झाला होता. त्याच्या हाताला काम म्हणून मी त्याला दुकानाचं मोबाईल ॲप करायला दिलं. म्हणालो, आतलं सगळं मी लिहिलेलंय, तू फक्त नावं बघायची आणि हाक मारायची. एपीआय म्हणजे तेवढंच असतं: आतल्या खोलीत काय शिजतंय ते न बघता दारातून नावानं हाक मारायची सोय. भाच्यानं यादी बघितली. त्यात इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून, एक नाव होतं: पट्टीकाढा. त्यानं पडद्यावर बटण केलं, "पट्टी काढा", आणि बटणामागं ही हाक बांधून टाकली. यात चूक काय? मोंढ्यातलं शेंबडं पोरही पट्टी काढणे म्हणजे पट्टी तयार करून देणे हेच सांगेल.

मी ते २०११ साली लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात सौदा मोडल्यावर पट्टी काढून टाकायची होती. कायमची. मुळापासून.

मापाड्याच्या वहीनं वाचवलं. पेन्सिलीनं लिहिलेली, हळदीचे डाग पडलेली वही. तिच्यावरून मुनीमजींनी संध्याकाळपर्यंत सदतीस पट्ट्या हातानं लिहिल्या, आणि दर पट्टीनंतर एकदा माझ्याकडे बघितलं.

रात्री घरी खटला उभा राहिला.

"काढणे म्हणजे काढून टाकणे," मी म्हणालो. "पायातला काटा काढतात तो काय छापून हातात देतात?"

"मामा, तुम्ही फोटो काढताव, तव्हा काय फोटो फाडून टाकताव का? झेरॉक्स काढताव, सातबारा काढताव, कर्ज काढताव. आन् ज्या सोयाबीनची पट्टी, ते बी शेतातनं काढलेलंच की."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमच्यासंगं बावीस वर्षं काढली मी. ती छापली म्हणायची का पुसली?"

यावर मी थोर लोकांचे दाखले काढले (हे आणखी एक काढणे). सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत माहिती ठेवायच्या डब्याला "एम्प्टी" म्हटलं की डबा रिकामा होत नाही. डबा रिकामा आहे का, एवढंच उत्तर मिळतं. रिकामा करायचा तर "क्लिअर" म्हणावं लागतं. इंग्रजीत "एम्प्टी" हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियापदही, त्यामुळे जगभरातली मंडळी डबा रिकामा झाला समजून पुढे जात राहिली. शेवटी २०२० च्या आवृत्तीत अशी सोय केली की "एम्प्टी"चं उत्तर कुणी वाऱ्यावर सोडलं तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, टोकतो. आपल्या मराठीत "रिकामा आहे का" आणि "रिकामा कर" यांत गल्लत व्हायला माणूस झोपेतच असावा लागतो, म्हणून मला त्या बाबतीत जरा अभिमान वाटत होता. तो "काढा"नं संपवला.

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाईल निर्माण करायच्या हाकेचं नाव "क्रिएट", पण स्पेलिंगातला शेवटचा ई गायब. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं ते घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, त्याला ई लावीन. वेबसाइटी लिहायच्या पीएचपी भाषेवाल्यांची तर गंमतच. डेटाबेसला जाणारा मजकूर निर्धोक करायला त्यांच्याकडे "एस्केप स्ट्रिंग" नावाची हाक होती, ती अपुरी पडली म्हणून दुसरी आली, तिचं नाव "रिअल एस्केप स्ट्रिंग". पेढेवाल्याच्या पाटीसारखं: हेच खरे जुने दुकान, आमची कुठेही शाखा नाही.

भाच्यावर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी चहाला गंजगोलाईत गेलो तर त्यानं तिथंच वर्ग घेतला. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. "बघा मामा. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन. नाव वाचलं की पाय वळतेत. तुमच्या यादीत 'हिशेब दोन' नावाचं काहीतरी हाय. ते कोणती लाईन?"

'हिशेब दोन' कशासाठी होतं ते मलाही आठवलं नाही. पण मामाला गप्प बसणं शोभत नाही. मी सातबारा फेकला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, नुसते फॉर्मचे नंबर! एकात जमीन कुणाची, दुसऱ्यात पीक काय. इतकं टाकाऊ नाव कुठल्या प्रोग्रामरलाही सुचलं नसतं, तरी गावात एक माणूस अडत नाही.

"अडत नाही, कारण त्यो आज्यापास्नं चालत आलाय," भाचा म्हणाला. "तुमच्या 'हिशेब दोन'ला आजा न्हाई."

नवं नाव ठरवायला चार दिवस गेले. आधी "पट्टी छापा". मोबाईलच्या अरुंद पडद्यावर "पट्टी" वरच्या ओळीत गेलं आणि लाल बटणावर उरलं नुसतं "छापा". शेठजींनी ते लांबून वाचलं आणि गादीवरून उठून उभेच राहिले. मग "पट्टी बनवा". हे मला आवडलं होतं, पण मुनीमजींनी हात जोडले. शेतकरी काउंटरपलीकडून पडद्याकडे बघत असतो, त्याच्या नावापुढे "बनवा" असं लिहिलेलं त्याला दिसणार. शेवटी "पट्टी तयार करा" आणि "पट्टी कायमची पुसा". यात काही कला नाही. लांबलचक आहेत. मुनीमजी म्हणाले, हे चाललंय.

जुनं नाव मात्र फेकता येईना. आणखी अकरा दुकानांची सॉफ्टवेअरं तीच हाक मारतात, उद्या ती एकदम मुकी होतील. वेबवर असंच झालंय. आपण कुठल्या पानावरून आलो हे ब्राउझर ज्या शब्दानं सांगतो, त्या "रेफरर"च्या स्पेलिंगातला एक आर १९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या बोलण्याच्या नियमांच्या, कागदातच गळालेला आहे. चूक सगळ्यांना ठाऊक, पण तोवर अख्खं जग तीच चूक बरोबर लिहायला लागलं होतं. म्हणून आजही एक आर कमीच. आमचं "पट्टीकाढा" तसंच राहिलं, भाच्यानं वर एक ओळ टाकली: "हात लावू नये. मामाचं आहे."

मग त्यानं बाकीची फाईल झाडायला घेतली. 'हिशेब दोन' कुणीच वापरत नव्हतं, ते गेलं. जुन्या टिपा गेल्या. रविवारी मी ती फाईल उघडून वाचत बसलो होतो, तेवढ्यात ताईचा फोन. पोरगा बरा काम करतो का, ऐकतो का, सगळी चौकशी झाली. शेवटी ती हसून म्हणाली, "मंग? काढलं का न्हाई मामाचं नाव?"

फाईलीच्या डोक्यावर माझं नाव आणि २०११ साल होतं, ती ओळ शोधत होतो.

"काढलं," म्हणालो.