प्रवासाच्या अटी प्रवाशाच्या भाषेत मिळायला हव्यात

माझी आत्या कोल्हापूरची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि पुढे तीस वर्षे तिने पिठाची गिरणी चालवली. सातबारा असो, फेरफार असो की वीजबिलातला स्थिर आकार, ती सगळे स्वतः वाचते आणि न पटल्यास संबंधित कार्यालयात जाऊन विचारते. गेल्या वर्षी ती मुलाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी मुंबईहून दुबईला गेली, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसून. सोबतच्या एका मोठ्या बॅगेत कांदा-लसूण चटणी, दोन इरकली साड्या आणि माझ्या आजीच्या हातची पितळी समयांची जोडी होती. दुबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग आली तेव्हा तिची एक बाजू उसवलेली होती आणि घरी उघडल्यावर एका समईचा दांडा मोडलेला दिसला. मुलाच्या घरात कार्य होते, त्याला त्रास नको म्हणून ती काही बोलली नाही. मला तिने फोनवर सांगितले ते बाराव्या दिवशी.

त्याच रात्री मी तिच्या वतीने विमान कंपनीकडे लेखी तक्रार केली. बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग तिने पासपोर्टाच्या पाकिटात नीट जपून ठेवले होते, त्यांची छायाचित्रे जोडली. उत्तर दोन ओळींचे आले: बॅग ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार आलेली नसल्यामुळे दावा विचारात घेता येत नाही. ही कंपनी कोणती हे मी येथे लिहीत नाही, कारण नियमाप्रमाणे तिचे उत्तर बरोबर आहे आणि माझी तक्रार त्या उत्तराबद्दल नाहीच.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला तो परिशिष्ट म्हणून जोडला गेला. त्याच्या ३१ व्या कलमानुसार चेक-इन केलेल्या सामानाचे नुकसान झाले असेल तर सात दिवसांत आणि सामान उशिरा मिळाले असेल तर ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुदतीत तक्रार नसेल, तर कंपनीने लबाडी केल्याचे दाखवता आल्याशिवाय दावाच चालत नाही. पोहोचायच्या दिवसापासून एकवीस दिवस उलटूनही बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून प्रवासी भरपाई मागू शकतो. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, परंतु पहिले सात दिवस ज्याने गमावले त्याला या दोन वर्षांचा काही उपयोग नाही.

ही सात दिवसांची अट आत्याला कळावी अशी व्यवस्था कोणी केली होती का? कागदोपत्री पाहिले तर केली होती. तिच्या ई-तिकिटाच्या शेवटच्या पानावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की हा प्रवास कंपनीच्या वाहतुकीच्या अटींना अधीन आहे आणि त्या अटी संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एका विमान कंपनीच्या खटल्यात असे म्हटले आहे की अटी संकेतस्थळावर ठेवणे, ई-तिकिटात त्यांचा उल्लेख करणे आणि विमानतळावरील काउंटरवर त्यांची प्रत पाहायला उपलब्ध असणे ही प्रवाशाला दिलेली पुरेशी सूचना होय आणि त्या अटी दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहेत. मी या निकालाशी वाद घालत नाही. तिकिटावर सगळ्या अटी छापणे शक्य नाही हे उघड आहे. पण ज्याला सूचना द्यायची त्याला ती वाचता येत नसेल, तर तिला सूचना का म्हणायचे, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आत्या निरक्षर नाही, बेफिकीरही नाही. जी बाई फेरफारातली चूक तलाठ्याला दाखवून देते, तिला सात दिवसांची अट मराठीत वाचायला मिळाली असती तर तिने तक्रार त्याच दिवशी दिली असती, याबद्दल माझी खात्री आहे.

विमानवाहतुकीची भाषा इंग्रजीच, असे अनेक जण सहज म्हणतात. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणापुरते ते योग्यच आहे. प्रवाशाशी केलेल्या कराराची गोष्ट वेगळी आहे आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे. आजच्या सगळ्या अटींचे मूळ असलेला १९२९ चा वॉर्सा करार एकट्या फ्रेंच भाषेत लिहिला गेला होता. तो भारतात १९३४ च्या कायद्याने लागू झाला, तेव्हा येथील लोकांना कळावा म्हणून त्याचे इंग्रजी भाषांतर परिशिष्टात द्यावे लागले. मॉन्ट्रियल करार तर इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश अशा सहा भाषांत सारखाच अधिकृत आहे. म्हणजे ज्या कराराच्या आधारे आत्याचा दावा नाकारला गेला, तो स्वतः अनेक भाषांत उभा आहे. मग मराठीत येताना त्याचे काय बिघडणार आहे?

भाषेचा अडथळा फक्त भरपाईपुरता नाही. मुंबईला चेक-इन करताना आत्याच्या बॅगेतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवायला लावल्या. तेथील मुलगी सभ्यपणे वागली, परंतु ‘अलाउड नाही’ यापलीकडे तिने काही सांगितले नाही आणि देवाधर्माच्या वस्तूला या लोकांनी हरकत घेतली असा समज करून घेऊन आत्या दुखावली. खरे कारण साधे आहे. वाळलेल्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते साठून राहिल्यावर आपोआप तापू शकते आणि पेटू शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. खोबरेल तेलाच्या घाण्याशेजारी वाढलेल्या माणसाला ही गोष्ट मराठीत सांगितली तर एका वाक्यात पटते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची ती यासाठी की लिथियमच्या बॅटरीने पेट घेतलाच तर तो डोळ्यांसमोर दिसावा आणि विझवता यावा. विमानाच्या पोटात लागलेली आग कोणाच्या लक्षात येणार? कोणतीही एक बॅग ३२ किलोंपेक्षा जड नको, ही अट तर सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे. अशा बहुतेक अटींमागे शहाणपण आहे आणि ते कळले की माणूस त्या मनापासून पाळतो. न कळलेली अट मात्र त्याला अपमानासारखी लागते.

भरपाईच्या रकमेबद्दलही लोकांना फार कमी ठाऊक असते. देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामानासाठी कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. मॉन्ट्रियल करारातली मर्यादा रुपयांत नसून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकार या एककात सांगितली जाते. मुळात ती १,००० एकके होती, २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली आहे आणि रुपयांत ती ढोबळमानाने पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. बॅगेतल्या वस्तू याहून मौल्यवान असतील तर चेक-इनच्या वेळी त्यांचे मूल्य लेखी जाहीर करून, मागितल्यास जादा शुल्क भरून, मर्यादा वाढवून घेण्याची सोय त्याच करारात आहे. काउंटरवर ही सोय कोणी आपणहून सांगितल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही. छापलेली प्रत्येक अट कायद्याला धरून असतेच असेही नाही. कराराच्या २६ व्या कलमानुसार कंपनीने आपली जबाबदारी टाळण्यासाठी किंवा मर्यादा कमी करण्यासाठी घातलेली अट रद्दबातल ठरते. त्यामुळे ‘नाजूक वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ हे वाक्य वाचून प्रवाशाने लगेच हार मानू नये.

माझी मागणी लहान आहे. संपूर्ण अटींचे भाषांतर करा, असे मी म्हणत नाही. विमान जेथून सुटते त्या राज्याच्या भाषेत एक पान तिकिटासोबत यावे, पैसे भरण्याआधी पाहता यावे आणि तीच प्रत चेक-इनच्या काउंटरवर असावी. अर्थाबद्दल वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा, अशी ओळ त्यावर घातली तरी माझी हरकत नाही. हे अशक्य नाही याचे दाखले आपल्याच देशात आहेत. आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत ग्राहकाला द्यायचे माहितीपत्रक, त्याने मागितल्यास, स्थानिक भाषेत मिळायला हवे असे विमा नियामकाने सांगितले आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ते सुधारित पत्रक लागू आहे. कर्ज देताना मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये बँकांना बजावले आहे. विमा आणि कर्ज हे विमानाच्या तिकिटापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे करार आहेत. जे तेथे जमते ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला एका परिपत्रकाने जमवता येईल. नागरी उड्डयन मंत्रालयाची प्रवासी सनद २०१९ पासून अस्तित्वात आहेच, तिच्यातल्या निवडक तरतुदी आणि या मुदती एका पानावर सहज मावतात.

या आशयाचे पत्र मी महासंचालनालयाला पाठवले आहे आणि एअरसेवा पोर्टलवरही नोंदवले आहे. ज्यांना हे पटते त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आत्या येत्या मार्चमध्ये पुन्हा दुबईला जाणार आहे. तिच्यासाठी मी तसे एक पान हाताने लिहून दिले: बॅग भरल्यावर उघड्या स्थितीत तिचा फोटो काढावा, टॅगचा तुकडा फेकू नये, बॅग फाटलेली दिसली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे नुकसानीची नोंद करून तिची प्रत घ्यावी, आणि घरी गेल्यावर आत काही मोडलेले आढळले तर सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. तिने ते वाचून पाहिले आणि विचारले की हे सात दिवस बॅग हातात आल्यापासून मोजायचे की विमान उतरल्यापासून. बॅग हातात आल्यापासून, असे मी सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडून पेन घेऊन ते शब्द त्या ओळीच्या शेजारी स्वतः लिहिले.