दुखापतीचं भाकीत आणि पेठेतली पोरं

बुमराहची पाठ दुखावली की आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: एवढे डॉक्टर, एवढी यंत्रं, मग आधी कसं कळलं नाही? २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया झाली, जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत पाठ पुन्हा धरली आणि चॅम्पियन्स ट्रॉफीही गेली. दर वेळी राग तोच आणि मागणीही तीच, की आणखी चाचण्या करा. बीसीसीआयने २०२३ च्या सुरुवातीलाच यो-यो चाचणी (दम पाहणारी धावण्याची चाचणी) आणि डेक्सा स्कॅन (हाडं, चरबी आणि स्नायू मोजणारा एक्स-रे) निवडीच्या निकषांत घातले. क्रिकेटमधली ही भाषा आता फुटबॉलपर्यंतही आली आहे. माझ्या भाच्याला एका अकादमीने निवडीआधी ‘इंज्युरी रिस्क’ चाचणी करून आणायला सांगितलंय. ताईने मला विचारलं, ‘‘तू तिकडे असतेस, तुला माहीत असेल. करून घेऊ का?’’

मी ऑस्लोत राहते. या प्रश्नावर जगात सगळ्यात स्पष्ट बोललेला माणूस याच शहरातला आहे. रोआल्ड बार हे इथल्या क्रीडा विद्यापीठातले डॉक्टर आणि खेळातल्या दुखापतींवर संशोधन करणाऱ्या केंद्राचे अनेक वर्षं प्रमुख राहिलेले. २०१६ मध्ये त्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक लेख लिहिला. दुखापतीचं भाकीत करणाऱ्या चाचण्या चालत नाहीत आणि बहुधा कधीच चालणार नाहीत, असं त्यांनी शीर्षकातच सांगून टाकलं. आयुष्यभर दुखापती कमी करण्यासाठी झटलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा. कतारच्या व्यावसायिक लीगमध्ये सहाशेहून अधिक फुटबॉलपटूंच्या मांड्यांची ताकद यंत्रावर मोजली गेली आणि पुढच्या हंगामांत कोणाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावते हे पाहिलं गेलं. ताकद कमी असलेल्यांना धोका किंचित जास्त निघाला. संशोधनाच्या भाषेत ‘संबंध आढळला’. पण दुखापत झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर दोन्ही गट जवळजवळ पूर्ण एकमेकांत मिसळलेले. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते हे खरंच आहे. पण कोणी नुसतं ‘पाच फूट पाच इंच’ एवढंच सांगून ती व्यक्ती बाई की पुरुष असं विचारलं तर आपण काय सांगणार? गटाबद्दल खरी असलेली गोष्ट एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही, असं पुष्कळदा होतं. ताईच्या हातात जो कागद येणार आहे तो मात्र एकाच मुलाबद्दल असेल.

आणि दुखापत म्हणजे काही शरीरात आधीपासून दडून बसलेली वस्तू नव्हे. समजा, जुलैमध्ये चाचणी झाली, दुखापत मार्चमध्ये झाली. मधल्या काळात आठवड्याला दोन-दोन सामने, अपुरी झोप, बदललेला प्रशिक्षक, ओलं मैदान, समोरच्याचा उशिरा आलेला पाय. यातलं काय जुलैत मोजणार? जुनी दुखापत असलेल्याला पुन्हा दुखापतीचा धोका जास्त, हे सगळ्यांत भरवशाचं लक्षण आहे. पण ते कळायला यंत्र लागत नाही, खेळाडूला विचारलं तरी पुरतं.

पैसा आणि माणसं कमी पडली म्हणून असं होतं, असं कोणाला वाटत असेल तर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचं उदाहरण घ्या. तिथल्या फिजिओंनी पाच हंगामांतल्या हंगामपूर्व तपासण्यांची माहिती वापरून स्नायूंच्या दुखापतीचं भाकीत करणारं गणिती प्रारूप बांधलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. निष्कर्ष त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला: याच्या भाकितावर निर्णय घेण्याइतकी त्याची अचूकता नाही. जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एकाला जे जमलं नाही, ते एका दुपारच्या पॅकेजमध्ये जमेल यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

याच्या उलट बाजूने नेहमी डच फुटबॉलपटू रूड व्हान निस्टलरॉयचं नाव येतं, आणि यायलाच हवं. एप्रिल २००० मध्ये युनायटेडच्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर शंका घेतली, करार लांबला आणि काही दिवसांतच सरावात त्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. पण तो गुडघा त्या वेळी आधीच दुखावलेला होता. डॉक्टरांनी समोरचा आजार ओळखला, पुढचं भविष्य नव्हे. आणि पुढे काय झालं? वर्षभराने क्लबने त्यालाच घेतलं आणि त्याने युनायटेडसाठी १५० गोल केले. त्याच्याजवळ नाव होतं, म्हणून लोक थांबले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या चौदा वर्षांच्या पोरासाठी कोण थांबणार आहे? माझी सगळी धास्ती इथे आहे. चाचणी चुकीची निघाली तर व्यावसायिक खेळाडूचा करार लांबतो. मुलाचा मात्र खेळच सुटतो, आणि ज्या कागदावर तो सुटला तो कागद चुकीचा होता हे कधी कोणाला कळतही नाही.

हृदयाची तपासणी हा वेगळा विषय आहे, आणि घरच्या चर्चेत दोन्हींची सरमिसळ होते. खेळता खेळता तरुण मुलगा कोसळल्याची बातमी आली की सगळे हवालदिल होतात, आणि ते योग्यच आहे. गोव्याच्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि गेला. हृदयाचा काही आजार आजच अंगात असतो आणि ईसीजीत किंवा इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसू शकतो, म्हणून ती तपासणी करावी असं माझं मत आहे. पण तिच्याही मर्यादा पाहा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर खेळाडूंची हृदयतपासणी केली. ४२ जणांमध्ये जिवावर बेतू शकणारे दोष सापडले. ही मोठीच कमाई. पुढे ८ जण हृदयविकाराने अचानक गेले, आणि त्यातल्या ६ जणांची तपासणी पूर्ण ‘नॉर्मल’ आली होती. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात कोसळलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन इटलीतल्या इंटर मिलानसारख्या क्लबच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. त्याला वाचवलं ते मैदानावर छाती दाबणाऱ्या हातांनी आणि डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे थांबू लागलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या, झटक्याने.

मग इथे नॉर्वेत करतात काय? माझी मुलगी जिथे खेळते त्या पेठेएवढ्या क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणजे दुसऱ्या मुलींचे आईबाप. कोणाची ‘रिस्क’ मोजत नाहीत. सरावाआधी साधारण वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्मअप सगळ्या जणी करतात: धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, पोटाचे आणि मांडीचे व्यायाम. फिफाच्या नावाने ओळखला जाणारा ‘इलेव्हन प्लस’ हाच. बार यांच्या केंद्राने नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर तो तपासला; २००८ मध्ये आलेल्या निकालात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या होत्या. हॅमस्ट्रिंगसाठीचा नॉर्डिक व्यायाम तर त्याहून साधा. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि आपण शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. नीट आणि नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. तालमीच्या मातीत वाढलेल्या गावाला हे शिकवायला परदेशी तज्ज्ञ लागणार नाही.

बार यांचा सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे. धोक्यातले मोजके निवडून त्यांनाच व्यायाम देणं हे सगळ्यांना व्यायाम देण्यापेक्षा चांगलं, असं आधी कोणीतरी सिद्ध करायला हवं. त्यांनी लेख लिहिला तोवर तसं कोणीही दाखवलेलं नव्हतं. व्यायाम फुकट आहे, कोणाला अपाय करत नाही, मग निवडायचं कशाला?

इथे सगळं आदर्श आहे असं मात्र मी सांगणार नाही. याच संशोधकांनी चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या वरच्या लीगमधले ५० व्यावसायिक क्लब तपासले, तेव्हा नॉर्डिक व्यायाम सांगितल्याप्रमाणे न करण्याचं प्रमाण ८३ टक्के निघालं. ज्या व्यायामाला नाव नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातला, तो इथले क्लबही टाळत होते. युरोपातल्या बड्या क्लबांमध्ये हॅमस्ट्रिंगचा एकूण दुखापतींतला वाटा २००१ नंतरच्या वीस वर्षांत १२ वरून २४ टक्क्यांवर गेला, तोही तपासण्यांची यंत्रं दरवर्षी वाढत असताना. सामने वाढले, वेग वाढला, विश्रांती घटली. बुमराहच्या बाबतीतही ‘आधी कळलं का नाही’ यापेक्षा ‘किती षटकं टाकून घेतली’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि ग्रुपवर मी तेच लिहिते.

ताईला मी कळवलं आहे: ईसीजी काढ, डॉक्टरांकडून इको लागेल का ते विचार, आणि त्याच्या जुन्या घोट्याच्या दुखापतीचे व्यायाम फिजिओला दाखवून पुरे करून घे. ‘रिस्क’च्या चाचणीसाठी अकादमीला तीन प्रश्न विचार. या आकड्यावरून मुलाला नाकारणार का? कोणत्या मुलांवर हा आकडा तपासून पाहिलाय? आणि सरावाआधी वीस मिनिटं वॉर्मअप रोज कोण घेतं? तिसऱ्याचं उत्तर नीट आलं तर भाच्याला तिथे घाल, बाकी कागद काहीही म्हणो. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघातल्या दोघांना तरी छाती दाबायला शिकवा, आणि डिफिब्रिलेटर आहे की नाही, असला तर कोणत्या खोलीत आहे आणि तिची किल्ली कोणाकडे असते, हे संघ उतरवणाऱ्या सगळ्या तालमींना आत्ताच सांगून ठेवा.